सायटोक्रोम सी बाहेर पडलं का? अँटिबॉडी निवडण्यापासून ब्लॉट वाचण्यापर्यंत

पेशी मरते आहे हे दाखवायला वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर अँटिबॉडीनं ओळखण्याची पद्धत) कापलेल्या कॅस्पेज-३ चा, म्हणजे पेशीमृत्यू घडवणाऱ्या विकराचा, बँड पुरेसा असतो. ती मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिकांच्या वाटेनं मरते आहे हे मात्र त्या बँडवरून सांगता येत नाही, कारण पेशीच्या पृष्ठभागावरच्या फास रिसेप्टरकडून आलेला संदेशही शेवटी त्याच कॅस्पेज-३ पाशी पोहोचतो. मायटोकॉन्ड्रियाचा सहभाग सिद्ध करायचा तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. मायटोकॉन्ड्रियाच्या पटलाला भोकं पाडणाऱ्या बॅक्स किंवा बॅक या प्रथिनांनी रूप बदललं, आणि बाहेरच्या पटलाला भोकं पडून सायटोक्रोम सी पेशीद्रवात आलं.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या श्याओदोंग वांग यांच्या गटानं १९९६ साली दाखवलं की ऊर्जानिर्मितीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारं सायटोक्रोम सी हेच कॅस्पेज जागे करणाऱ्या घटकांपैकी एक आहे. पेशीद्रवात आल्यावर ते अ‍ॅपॅफ-१ ला चिकटतं, सात अ‍ॅपॅफ-१ चं चाक तयार होतं आणि त्यावर कॅस्पेज-९ जागं होतं. पुढचं सगळं झरझर घडतं.

या प्रयोगांत चुकीचे निष्कर्ष निघतात ते बहुतेक वेळा एकाच कारणानं. अँटिबॉडी प्रथिनाचा एक ठरावीक तुकडा, एका ठरावीक रूपात ओळखते. ते रूप पेशीत आपोआप आलं की आपल्या डिटर्जंटनं आणलं, हे तिला कळत नाही. म्हणून अँटिबॉडी मागवण्याआधी प्रत्येकीबद्दल विचारा: ही उलगडलेलं प्रथिन ओळखते की घडी असलेलं? आणि माझ्या पद्धतीत प्रथिन कोणत्या अवस्थेत असेल?

कोणती अँटिबॉडी कशासाठी

सायटोक्रोम सी साठी दोन क्लोन, म्हणजे एकाच पेशीवंशातून आलेल्या अँटिबॉडी, नीट लक्षात ठेवा. ‘७एच८.२सी१२’ उलगडलेलं प्रथिन ओळखतो, म्हणून तो वेस्टर्न ब्लॉटसाठी. ‘६एच२.बी४’ घडी असलेलं, मूळ रूपातलं प्रथिन ओळखतो, म्हणून तो इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या अँटिबॉडीनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि इम्युनोप्रेसिपिटेशनसाठी (अँटिबॉडीनं प्रथिन द्रवातून ओढून काढणं). दोन्ही उंदरात तयार केलेल्या आहेत आणि डब्यांवर दोन्हीकडे ‘सायटोक्रोम सी’ एवढंच ठळक लिहिलेलं असतं. ६एच२ नं ब्लॉट केला तर पडदा कोरा राहतो. मग अँटिबॉडी खराब आली असं वाटून नवी मागवली जाते आणि आयातीचे काही आठवडे वाया जातात. फ्रीजमधल्या प्रत्येक नळीवर क्लोनचं नाव लिहा, नुसतं प्रथिनाचं नको.

बॅक्ससाठी दोन अँटिबॉडी लागतात. एकूण बॅक्स दाखवणारी, शक्यतो सशाची, आणि जागृत बॅक्स दाखवणारा उंदराचा ‘६ए७’ क्लोन. ६ए७ बॅक्सच्या सुरुवातीच्या टोकाकडचा, १२ ते २४ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतो. निरोगी पेशीत हा तुकडा घडीच्या आत दडलेला असतो आणि बॅक्स जागृत झालं की उघडा पडतो. या अँटिबॉडीवर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

पेशीमृत्यू रोखणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनासाठी नेहमी वापरले जाणारे ‘१००’ आणि ‘१२४’ हे क्लोन फक्त मानवी प्रथिन ओळखतात. उंदराच्या पेशींवर ते वापरून ‘बीसीएल-२ नाही’ असा निष्कर्ष काढू नका. उंदरासाठी ‘३एफ११’ आहे. तो हॅम्स्टरचा असल्यानं दुय्यम अँटिबॉडीही (पहिल्या अँटिबॉडीला धरून ती दिसती करणारी) हॅम्स्टरविरोधीच लागते. बीसीएल-२ च्याच कुळातलं एमसीएल-१ पाहायचं असेल तर हात चालवा. त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास असतं, त्यामुळे पेशी गोळा करण्यात वीस मिनिटं घालवली तर नमुन्या-नमुन्यांत दिसणारा फरक तुमच्या वेगाचाही असू शकतो.

या मुख्य अँटिबॉडींच्या जोडीला नियंत्रणाच्या, म्हणजे पेशीचे भाग ओळखून तुलना करण्यासाठीच्या, लागतात. आतल्या पटलासाठी कॉक्स-४, सुमारे १७ किलोडाल्टन. बाहेरच्या पटलासाठी व्हीडॅक-१, सुमारे ३२. चित्रणात मायटोकॉन्ड्रिया रंगवायला त्यांच्या बाहेरच्या पटलातल्या टॉम२० ची, सशाची. पेशीद्रवासाठी ट्युब्युलिन किंवा जीएपीडीएच. मृत्यू पुढे सरकला याची खूण म्हणून कापलेलं कॅस्पेज-३, ज्याचे बँड १७ आणि १९ वर येतात, आणि पार्प, हे कॅस्पेजनं कापलं जाणारं प्रथिन, जे ११६ वरून ८९ वर उतरतं. एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशी वापरत असाल तर कॅस्पेज-३ चा बँड शोधत बसू नका. त्या पेशींत त्या जनुकाचा तुकडाच गळालेला आहे. सायटोक्रोम सी बाहेर पडतं, कॅस्पेज-३ मात्र दिसत नाही.

पेशी आणि वेळा

हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या मानवी पेशी, सुरुवातीला सोयीच्या. भारतातल्या बऱ्याच प्रयोगशाळा त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून घेतात. कुठूनही घ्या, आल्या आल्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूची चाचणी करा. संसर्ग झालेल्या पेशींचा मृत्यूचा वेग वेगळा असतो आणि डीएनए दाखवणाऱ्या डीएपीआय रंगानं रंगवल्यावर पेशीद्रवात ठिपके दिसतात.

पेशींना मृत्यूकडे ढकलायला स्टॉरोस्पोरिन हे औषध १ मायक्रोमोलर घ्या. डीएमएसओ या द्रावकात १ मिलिमोलरचा साठा असेल तर दर मिलिलिटर माध्यमाला १ मायक्रोलिटर. नियंत्रणाच्या पेशींना तेवढंच नुसतं डीएमएसओ द्या. नमुने ०, २, ४ आणि ६ तासांना घ्या. प्रत्येक वेळेची दुसरी जोड ठेवा, जिच्यात औषधाच्या अर्धा तास आधी क्यू-व्हीडी-ओपीएच २० मायक्रोमोलर घातलेलं असेल. हे कॅस्पेज अडवतं. सायटोक्रोम सी बाहेर पडणं ही कॅस्पेजच्या आधीची पायरी असेल तर ते अडवूनही बाहेर पडलंच पाहिजे. शिवाय कॅस्पेज अडवल्यावर पेशी तळाला चिकटून राहतात, त्यामुळे काचेवर त्यांचं चित्र घेता येतं. नाहीतर ज्यांच्यात घटना घडली त्याच पेशी सुटून वाहून जातात आणि उरलेल्या सुस्थितीतल्या पेशी मोजल्या जातात.

ब्लॉटसाठी पेशी गोळा करतानाही हेच लक्षात ठेवा. वरचं माध्यम ओतून देऊ नका, धुण्याचं पाणीही नको. तरंगणाऱ्या पेशी आणि ट्रिप्सिननं सोडवलेल्या पेशी एकाच नळीत घ्या.

डिजिटोनिननं पेशी उघडणं

डिजिटोनिन हे पटलाला भोकं पाडणारं डिटर्जंट कोलेस्टेरॉलला धरतं. पेशीच्या बाहेरच्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, मायटोकॉन्ड्रियाच्या पटलांत अगदी कमी. म्हणून योग्य प्रमाणात ते पेशी उघडतं आणि मायटोकॉन्ड्रिया शाबूत ठेवतं. योग्य प्रमाण कोणतं हे आपल्या पेशींवर स्वतः ठरवावं लागतं. डिजिटोनिन तिळपुष्पी या वनस्पतीतून काढतात, त्याची शुद्धता दर बॅचला वेगळी असते. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा जसाच्या तसा उचलू नका, आणि नवी बाटली उघडली की मोजणी पुन्हा करा.

बफर असं करा: सुक्रोज २५० मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड ७५ मिलिमोलर, हेपिस २० मिलिमोलर, ईडीटीए १ मिलिमोलर, पीएच ७.४. वापरण्याच्या दिवशी प्रोटिएज अवरोधक घाला. पोटॅशियम क्लोराइड गाळू नका. सायटोक्रोम सी जोरदार धनभारित असतं, त्याचा समविभव बिंदू १० च्या आसपास आहे. मीठ कमी असलं की बाहेर पडलेलं सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियाच्या ऋणभारित पटलांवर बाहेरूनच चिकटून बसतं आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी बसणाऱ्या गोळ्याबरोबर खाली जातं. मग प्रयोग सांगतो की काहीच बाहेर आलं नाही. नुसत्या सुक्रोजच्या बफरमध्ये केलेल्या प्रयोगांत ही चूक सहज लपून राहते.

प्रमाण ठरवण्यासाठी निरोगी पेशी सात नळ्यांत वाटा, प्रत्येकीत १० लाख पेशी आणि १०० मायक्रोलिटर बफर. डिजिटोनिनचं प्रमाण ०, २५, ५०, ७५, १००, १५० आणि २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. बर्फावर ५ मिनिटं. प्रत्येकीतून ५ मायक्रोलिटर काढून तेवढ्याच ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लूमध्ये मिसळा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. शंभरातल्या किमान ९५ पेशी निळ्या झाल्या पाहिजेत. नळ्यांत उरलेलं फिरवून वरचा द्रव आणि गोळा दोन्ही ब्लॉट करा. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला पेशी निळ्या होतात आणि सायटोक्रोम सी पूर्णपणे गोळ्यातच राहतं, ते तुमचं प्रमाण. हेलासाठी ते बहुधा ५० ते १०० च्या दरम्यान सापडतं. डीएमएसओमधला २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा साठा असेल तर ५० मायक्रोग्रॅमसाठी १ मिलिलिटर बफरला २.५ मायक्रोलिटर लागतो. साठ्यात तळाला पांढुरका साका दिसला तर गरम करून पूर्ण विरघळवा, मगच पिपेट बुडवा. साका टाळून वरचं उचललं तर प्रमाण हातातून निसटतं.

मुख्य प्रयोगात ५० लाख पेशी ५०० मायक्रोलिटर बफरमध्ये हलक्या हातानं मिसळा. व्होर्टेक्स नको. ठरवलेलं डिजिटोनिन, बर्फावर ५ मिनिटं, मग ४ अंशांवर १,००० जी ला ५ मिनिटं फिरवा. वरचा द्रव नव्या नळीत घेऊन १६,००० जी ला १० मिनिटं पुन्हा फिरवा आणि वरचाच द्रव घ्या. हा पेशीद्रवाचा भाग. पहिल्या गोळ्यात मायटोकॉन्ड्रिया आणि केंद्रकं असतात. तो एकदा बफरनं धुऊन १ टक्का ट्रायटॉन एक्स-१०० असलेल्या ५०० मायक्रोलिटर बफरमध्ये बर्फावर १० मिनिटं विरघळवा, १६,००० जी ला फिरवा आणि वरचा द्रव घ्या. केंद्रकांचा चिकट लगदा खाली राहतो.

दोन्ही भागांचं आकारमान सारखंच ठेवलं आहे ते मुद्दाम. जेलवर दोन्हींचे सारखे मायक्रोलिटर भरा, म्हणजे प्रत्येक खाच तेवढ्याच पेशींचा हिशोब देते. दोन्ही भागांचे सारखे मायक्रोग्रॅम प्रथिन भरलं तर पेशीद्रवाचा भाग आणि मायटोकॉन्ड्रियाचा भाग वेगवेगळ्या पेशीसंख्येचे होतात आणि ‘किती टक्के बाहेर आलं’ हा प्रश्नच विचारता येत नाही.

हे सगळं ताज्या पेशींवर, त्याच दिवशी करा. गोठवून वितळवलेल्या पेशींत बर्फाच्या स्फटिकांनी मायटोकॉन्ड्रियाची पटलं आधीच फाटलेली असतात; वेगळे केलेले भाग मात्र नमुन्याच्या बफरमध्ये उकळून खुशाल गोठवा.

छोट्या प्रथिनाचा ब्लॉट

सायटोक्रोम सी १०४ अमिनो आम्लांचं, जेमतेम १२ किलोडाल्टनचं. जेलवर ते १२ ते १५ च्या दरम्यान दिसतं. १५ टक्के जेल घ्या आणि निळी रेघ तळाशी पोहोचली की थांबा, तिला बाहेर जाऊ देऊ नका. पडदा पीव्हीडीएफचा, ०.२ मायक्रॉन छिद्रांचा. ०.४५ च्या पडद्यातून एवढं छोटं प्रथिन आरपार जातं. शंका असेल तर मागे दुसरा पडदा लावा आणि दोन्ही एकत्र उजळवा. मागच्यावर बँड आला तर ट्रान्सफरचा वेळ कमी करा. ओल्या पद्धतीनं, थंडीत, २० टक्के मिथेनॉल असलेल्या बफरमध्ये १०० व्होल्टला ४५ ते ६० मिनिटं पुरतात. रात्रभर ठेवण्याची सवय मोठ्या प्रथिनांसाठी ठीक आहे, इथे नको.

५ टक्के दुधात तासभर ब्लॉक करा, ७एच८ अर्धा ते एक मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ४ अंशांवर रात्रभर. तीनदा दहा-दहा मिनिटं धुवा. एचआरपी हे बँड उजळवणारं विकर जोडलेली उंदीरविरोधी दुय्यम अँटिबॉडी १ ला ५,००० या प्रमाणात एक तास. वापरलेली प्राथमिक अँटिबॉडी जपून ठेवायला सोडियम अझाइड घालत असाल तर ती दुय्यमसोबत कधी मिसळू देऊ नका, अझाइड एचआरपीला मारतं. कॉक्स-४ आणि सायटोक्रोम सी जवळजवळ बसतात, म्हणून एकाच पडद्यावर पाहायची असतील तर कॉक्स-४ सशाची घ्या आणि आधी सायटोक्रोम सी चं चित्र पूर्ण करा.

आता वाचन. सगळ्यात आधी ० तासाच्या खाचेकडे पाहा. औषध न दिलेल्या पेशींच्या पेशीद्रवात सायटोक्रोम सी दिसत असेल तर पुढचं काहीही वाचू नका, डिजिटोनिन जास्त झालं आहे. ‘कॉक्स-४ पेशीद्रवात नाही, म्हणजे भाग स्वच्छ आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. कॉक्स-४ आतल्या पटलात रुतलेलं असतं. डिजिटोनिननं फक्त बाहेरचं पटल फाटलं तर सायटोक्रोम सी सांडतं आणि कॉक्स-४ जागेवरच राहतं. त्या चुकीची खूण फक्त ० तासाची खाच देते.

पेशीद्रवातला बँड २, ४, ६ तासांना हळूहळू गडद होतो. त्यावरून सायटोक्रोम सी थेंबथेंब गळतं असा अर्थ काढू नका. हेला पेशींत सायटोक्रोम सी ला हिरवी चमक जोडून केलेल्या निरीक्षणांत २००० साली दिसलं की एका पेशीतलं सगळं सायटोक्रोम सी सुमारे ५ मिनिटांत बाहेर पडतं. कोणत्या पेशीची पाळी कधी येते तेवढंच बदलतं. ब्लॉट हजारो पेशींची सरासरी दाखवतो. म्हणूनच एकेक पेशी पाहणं टाळता येत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली

काचेवर वाढवलेल्या पेशी ताज्या ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं स्थिर करा. बाटलीतलं फॉर्मॅलिन नको, त्यात मिथेनॉल असतं. थंड मिथेनॉलनं स्थिर करणंही टाळा, ते पटलातली मेदं धुऊन नेतं आणि सायटोक्रोम सी जागा सोडतं. कृतीत लिहिलेलं खोलीचं तापमान म्हणजे २२ ते २५ अंश; मे महिन्यात वातानुकूलन बंद असलेल्या खोलीतले ३८ अंश नव्हेत. ०.२ टक्के ट्रायटॉननं १० मिनिटं छिद्रं पाडा, ५ टक्के बकरीच्या सीरममध्ये तासभर ठेवा, मग ६एच२.बी४ १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि सोबत सशाची टॉम२०. दुय्यम दोन वेगळ्या रंगांच्या, शेवटी डीएपीआय.

मायटोकॉन्ड्रिया रंगवायला मायटोट्रॅकर रेडपेक्षा टॉम२० बरी. मायटोट्रॅकर आत शिरतो तो पटलावरच्या विद्युतदाबामुळे, आणि मरणाऱ्या पेशीत नेमका तोच दाब कोसळतो. नेमक्या हव्या त्या पेशी फिक्या पडतात.

डोळ्यांना काय दिसायला हवं ते नीट समजून घ्या. निरोगी पेशीत दोन्ही रंग केंद्रकाभोवती लांब, वळणदार दोऱ्यांसारखे दिसतात आणि एकमेकांवर तंतोतंत बसतात. औषधानंतर काही पेशींत दोरे तुटून बारीक ठिपके होतात. ठिपके झाले म्हणजे सायटोक्रोम सी बाहेर पडलं असं नाही. मायटोकॉन्ड्रिया तुकड्या-तुकड्यांत विभागणं ही वेगळी घटना आहे. ठिपक्यांत दोन्ही रंग असतील तर सायटोक्रोम सी अजून आतच आहे. ठिपके फक्त टॉम२० चे असतील आणि सायटोक्रोम सी चा रंग धुक्यासारखा सगळ्या पेशीत, केंद्रकावरसुद्धा, पसरला असेल तर ते बाहेर पडलं. हा धूसर रंग फिका असतो, कारण तेवढंच प्रथिन मोठ्या जागेत विखुरलेलं असतं. निरोगी पेशी बघून ठरवलेल्या एक्स्पोजरला ती पेशी काळीच वाटेल. एक्स्पोजर आधी मरणाऱ्या पेशींवर तपासा, मग सगळ्या काचांना तेच ठेवा. प्रत्येक काचेवर किमान २०० पेशी मोजा, आणि मोजणाऱ्याला कोणती काच कोणती ते माहीत नसावं.

६ए७ आणि डिटर्जंट

रिचर्ड यूल यांच्या गटानं १९९७-९८ मध्ये दाखवलं की ट्रायटॉन एक्स-१०० आणि एनपी-४० सारखी भाररहित डिटर्जंट स्वतःच बॅक्सचं रूप बदलतात. निरोगी पेशी ट्रायटॉनमध्ये विरघळवल्या तरी दडलेलं टोक उघडं पडतं आणि ६ए७ त्याला धरते. म्हणजे पेशी विरघळवण्याच्या नेहमीच्या (लायसिस) बफरमध्ये प्रत्येक पेशी ‘बॅक्स जागृत’ असं सांगते. चॅप्स या वेगळ्या प्रकारच्या डिटर्जंटमध्ये हा बदल होत नाही. म्हणून बफर: हेपिस १० मिलिमोलर, पीएच ७.४, सोडियम क्लोराइड १५० मिलिमोलर, चॅप्स १ टक्का, प्रोटिएज अवरोधक. विरघळवण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत हाच. एका धुण्यालासुद्धा ट्रायटॉनचा बफर हाताशी आला म्हणून वापरू नका.

१ कोटी पेशी ५०० मायक्रोलिटरमध्ये बर्फावर ३० मिनिटं, १६,००० जी ला १० मिनिटं. ५०० मायक्रोग्रॅम प्रथिनात २ मायक्रोग्रॅम ६ए७, ४ अंशांवर २ तास फिरतं ठेवा. मग अँटिबॉडीला धरणारे प्रोटीन जी चे २५ मायक्रोलिटर मणी, आणखी एक तास. प्रोटीन ए नको. ६ए७ उंदराच्या आयजीजी-१ या उपप्रकाराची अँटिबॉडी आहे आणि त्या प्रकाराला प्रोटीन ए नीट धरत नाही. तीनदा धुऊन उकळा. ब्लॉट सशाच्या एकूण-बॅक्स अँटिबॉडीनं करा. बॅक्स २१ किलोडाल्टनवर येतं आणि उंदराच्या अँटिबॉडीची हलकी साखळी २५ वर. ब्लॉटही उंदराच्या अँटिबॉडीनं केला तर ती साखळी बॅक्सच्या डोक्यावर जाड पट्टा बनून बसते.

दरवेळी चार नळ्या ठेवा. निरोगी पेशी चॅप्समध्ये, बँड येता कामा नये. औषध दिलेल्या पेशी चॅप्समध्ये. निरोगी पेशी मुद्दाम १ टक्का ट्रायटॉनमध्ये, इथे बँड यायलाच हवा, म्हणजे अँटिबॉडी आणि मणी काम करताहेत हे कळतं. चौथी, औषध दिलेल्या पेशी पण ६ए७ ऐवजी उंदराची साधी आयजीजी-१. बॅक्स जनुक काढून टाकलेल्या एचसीटी११६ (आतड्याच्या कर्करोगाच्या) पेशी मिळाल्या तर पाचवी नळी त्यांची. आणि मूळ लायसेटचा, म्हणजे विरघळवलेल्या पेशींच्या द्रवाचा, ५ टक्के भाग शेजारी चालवा, एकूण बॅक्स सगळीकडे सारखं आहे हे दिसायला हवं.

चित्रणात ६ए७ वापरायची तर आधी पॅराफॉर्माल्डिहाइडनं स्थिर करा आणि छिद्रं चॅप्स किंवा सॅपोनिननं पाडा. ६ए७ आणि ६एच२.बी४ एकाच काचेवर लावू नका. दोन्ही उंदराच्या, आणि दोन्ही आयजीजी-१, त्यामुळे उपप्रकार ओळखणारी दुय्यम अँटिबॉडीही त्यांना वेगळं करू शकत नाही. ६ए७ सोबत सशाची सायटोक्रोम सी किंवा टॉम२० घ्या.

अँटिबॉडी आली की त्याच दिवशी १० ते २० मायक्रोलिटरचे भाग करा. ग्लिसरॉलमधल्या उणे २० ला, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये मात्र नको, कारण तो रोज थोडा गरम होतो. प्रत्येक भागावर क्लोन, लॉट क्रमांक आणि तारीख. लॉट बदलला की जुन्या लॉटचा शेवटचा भाग संपायच्या आधी दोन्ही एकाच ब्लॉटवर शेजारी-शेजारी चालवा.